मामांच्या डब्यातला चपटा दगड: युगावारालाइट असेल का?

रावेरची_केळीबाग

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच.

माझे मामा ऐंशीच्या दशकात मुंबईला कांदिवलीच्या एका दगडखाणीत कामाला होते. पुढे सावद्याला परतले, थोडी शेती केली. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा दिवाळीआधी मामींचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. वर १९८६ सालच्या वर्तमानपत्राचं पान, खाली आपल्याच शेतातला कापूस आणि त्यात दोन दगड. शिवाय एक सुटी चिठ्ठी, मामांच्या अक्षरात: "कांदिवली. खालच्या टप्प्यावर. पोकळीत उभे होते."

अडचण अशी की ही चिठ्ठी कोणत्या दगडाची, ते कळत नाही. मामा परत आल्यावर सावद्याजवळच्या खदाणींवरूनही दगड आणायचे. दोन्ही ठिकाणचे दगड एकाच डब्यात ठेवले असणार.

पहिला दगड देखणा आहे. फिकट गुलाबी, चमकदार, एकेक स्फटिक पेटीसारखा, मधे रुंद आणि टोकांना निमुळता. दुसरा तसा साधाच. अंगठ्याच्या नखाएवढ्या पातळ पांढरट चकत्या काचेसारख्या कडेवर उभ्या आहेत, त्यांच्यावर बारीक समांतर रेघा. खाली द्राक्षाच्या घोसासारखा फिकट हिरवा थर.

एका ओळखीच्या माणसाने फोटो पाहून सांगितलं की पहिला 'युगावारालाइट' आहे, दुर्मीळ झिओलाइट, म्हणजे आत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांपैकी एक. मला विकायचं काहीही नाही. मामांनी एवढी वर्षं कापसात जपून काय ठेवलं होतं, तेवढं कळलं तरी पुरे.

अमळनेरकर

गुलाबी दगड सरळसरळ ह्यूलँडाइट वाटतो, हाही झिओलाइटच, आपल्याकडे खूप मिळतो. दुसराही त्याचाच पातळ प्रकार असावा. सावद्याच्या आजूबाजूला खदाणीत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, हिरवा अपोफिलाइट हे सगळं निघतंच.

दगडवेडी

केळीबाग दादा, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी धुळ्याला कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. फोटोवरून पैजेवर सांगता येणार नाही, पण गुलाबी दगडाबद्दल अमळनेरकरांशी मी सहमत आहे. दुसऱ्याबद्दल मात्र थांबा. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी घरीच पाहा:

एक, खिडकीच्या उजेडात दोन्ही दगड हळूहळू फिरवा. ह्यूलँडाइटच्या एका बाजूला मोत्यासारखी मऊ झाक येते, कारण त्या दिशेने तो पापुद्र्यासारखा सुटतो. स्टिल्बाइटलाही तशीच झाक असते. युगावारालाइट तसा सहज सोलला जात नाही, त्याची चमक काचेची राहते.

दोन, हिरवा थर भिंगातून पाहा. गोळे गुळगुळीत आहेत की दाणेदार?

तीन, डब्याच्या तळाशी आणखी काही आहे का?

आणि काही गोष्टी करू नका. ओरखडा काढून पाहू नका, लिंबू किंवा ॲसिड लावू नका, गरम करू नका. दहाच्या मोजपट्टीवर युगावारालाइटचा कठीणपणा साडेचारच्या आसपास आणि ह्यूलँडाइटचा साडेतीन ते चार, म्हणजे फरक आहे, पण तो तपासायच्या नादात स्फटिकावर कायमची रेघ उमटते. वजनानेही काही कळणार नाही. दोघांची घनता पाण्याच्या सव्वादोन पटीच्या आसपासच आहे.

रावेरची_केळीबाग

ताई, बसून नीट पाहिलं. गुलाबीवर मोत्यासारखी झाक स्पष्ट दिसते, एका बाजूचा पापुद्रा थोडा सुटलेलाही आहे. चकत्यांवर तशी झाक नाही, निव्वळ काचेसारखी चमक. हिरवे गोळे गुळगुळीत, तेलकट दिसतात.

तळाशी पांढरी भुकटी होती, चुन्यासारखी. मामी म्हणाल्या कीड लागली असेल, म्हणून डबा बाहेर नेऊन झटकला.

दगडवेडी

दादा, कृपा करून ती भुकटी शोधा! वर्तमानपत्राच्या घडीत, कापसात, डब्याच्या कोपऱ्यात चिमूटभर तरी उरली असेल. एका कागदाच्या पुडीत भरून ठेवा.

का ते सांगते. लॉमोन्टाइट नावाचा एक झिओलाइट आहे. खाणीतून काढला तेव्हा तो छान टणक, पांढरा, चौकोनी कांड्यांसारखा असतो. पण कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी निघून जातं आणि काही दिवसांत, कधी काही महिन्यांत, त्याचं पीठ होतं. तुमची 'कीड' म्हणजे एकेकाळी मामांच्या डब्यातला तिसरा दगड असू शकते. आणि तो लॉमोन्टाइट असेल, तर चकत्यांच्या दगडाचा पत्ता शोधायला तोच साक्षीदार ठरेल.

भुसावळ_यार्ड

ताई, दगडाची भुकटी साक्षीदार कशी काय? समजावून सांगा, आमच्यासारख्यांनाही कळू द्या.

दगडवेडी

सांगते. लांब होईल, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थर थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपात वर चढला आणि थराच्या माथ्याजवळ अडकला. त्या पोकळ्या राहिल्या. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक म्हणजे याच भरलेल्या पोकळ्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपत राहिलं. त्याने लाव्ह्यातलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून पोकळीत आणून सोडलं, आणि तिथे निवांत स्फटिक वाढले. म्हणजे झिओलाइट लाव्ह्याबरोबर जन्मले नाहीत, मागाहून आले. अपोफिलाइटचं वय मोजल्यावर दिसलं की काही ठिकाणी हे काम लाव्ह्यानंतर कोट्यवधी वर्षांनी झालं आहे.

आता मुद्दा तापमानाचा. कोणता झिओलाइट वाढणार, हे पाणी किती गरम, त्यात सिलिका किती आणि वरून दाब किती, यावर ठरतं. भूशास्त्रज्ञ जॉर्ज वॉकर यांनी पूर्व आइसलँडच्या लाव्ह्यात डोंगर चढत-उतरत प्रत्येक उंचीवर कोणते झिओलाइट आहेत ते पाहिलं आणि १९६० साली त्यांचे पट्टे नकाशावर मांडले. वरच्या, थंड भागात एक जोडगोळी, खाली गरम भागात दुसरी. तेव्हापासून झिओलाइट हे खडकात पुरलेल्या थर्मामीटरसारखे वाचता येतात.

आपल्या खान्देशच्या पोकळ्यांत प्रामुख्याने ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट, मेसोलाइटच्या सुया आणि अपोफिलाइट. (अपोफिलाइट झिओलाइट नाही, सोबती आहे. पुण्याच्या हिरव्या अपोफिलाइटवर १९७४ साली झालेल्या अभ्यासात त्याचा रंग व्हॅनेडियममुळे असल्याचं सिद्ध झालं.) ही मंडळी शंभर अंशांच्या आगेमागे रमणारी. लॉमोन्टाइट त्याहून गरम पाण्यातला. प्रेह्नाइट (हाही झिओलाइट नाही, सोबतीच) त्याच्याही वरचा, बहुधा २०० अंशांपलीकडचा. दादा, तुमचा हिरवा, तेलकट, द्राक्षासारखा थर मला प्रेह्नाइट वाटतो. सावद्याच्या खदाणीत इतक्या फेऱ्या मारल्या, पण तिथे प्रेह्नाइट माझ्या हाताला कधी लागला नाही. कांदिवली आणि मालाड मात्र त्याच्यासाठीच प्रसिद्ध होते.

युगावारालाइट याच गरम टोळीतला. तो दुर्मीळ का? घटक तर अगदी साधे आहेत. पण त्याला जागा फार अरुंद हवी. पाणी साधारण २०० अंशांच्या आसपास, सिलिकाने भरपूर लदलेलं आणि तरीही दाब कमी, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खोल नाही. आता विचार करा, उथळ जागी एवढी उष्णता रोज कुठे मिळते? थोडं जास्त तापलं की प्रयोगशाळेत तो मोडून वैराकाइट नावाचा दुसरा झिओलाइट आणि गारगोटी होते, पाणी निघून जातं. थोडं थंड झालं की त्याच्याऐवजी दुसरेच झिओलाइट वाढतात. म्हणून तो सापडतो तो गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आणि उथळ तापलेल्या खडकांच्या जागी: जपान, आइसलँड, अलास्का. आणि कांदिवली. कांदिवलीचे स्फटिक जगातल्या उत्तम नमुन्यांत गणले जातात.

फैजपूर_रसायन

दगडवेडी ताईंनी 'घटक साधे' म्हटलं, त्याला जोडून थोडं. मी रसायनशास्त्र शिकवतो.

युगावारालाइटचं सूत्र: कॅल्शियम १, ॲल्युमिनियम २, सिलिकॉन ६, ऑक्सिजन १६ आणि पाण्याचे ४ रेणू. आता गंमत पाहा. एपिस्टिल्बाइट आणि गूसक्रीकाइट ही दोन खनिजंही याच मापाची, फक्त पाण्याचे ५ रेणू. गूसक्रीकाइटचं वर्णन १९८० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका खाणीतल्या नमुन्यांवरून झालं, आणि त्याचे चांगले स्फटिक आपल्या शेजारी नाशिकच्या पांडवलेण्यांजवळच्या खाणीतही निघाले. तुरीच्या डाळीचं वरणही होतं आणि फुनकेही होतात, डाळ तीच. इथेही तसंच, मांडणी बदलली की खनिज बदललं.

मांडणी म्हणजे काय? प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असे चार टोकांचे तुकडे एकमेकांना टोकाने जोडून सांगाडा उभा राहतो. काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो, तिथे ऋण भार उरतो आणि तो फेडायला कॅल्शियम पोकळ्यांत येऊन बसतो, पाणी त्याला धरून राहतं. युगावारालाइटमध्ये आठ तुकड्यांच्या कड्यांच्या वाटा दोन दिशांनी जातात आणि एकमेकींना मिळतात. पुष्कळ झिओलाइटांत ॲल्युमिनियम कुठेही पसरलेला असतो, इथे मात्र त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यामुळे स्फटिकाला सममितीचं केंद्र उरत नाही आणि दाब दिला की त्याच्या टोकांवर विद्युतभार येतो. क्वार्ट्जच्या घड्याळात जे तत्त्व वापरतात, तेच.

जगभरचे झिओलाइट-अभ्यासक प्रत्येक सांगाड्याला तीन अक्षरांचा संकेत देतात. युगावारालाइटचा संकेत वाय-यू-जी. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपोआप 'युग' असं वाचलं. लाखो वर्षांच्या कामाला इतकं चपखल नाव योगायोगानेच मिळतं.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

गरम पाण्याचे झरे म्हटल्यावर मला आपलं उनपदेव आठवलं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, यात्रेला जातो आम्ही. तिथल्या जमिनीखाली आज युगावारालाइट तयार होत असेल का? आणि तिथे ज्वालामुखी आहे असं लोक म्हणतात, ते खरं का?

दगडवेडी

ज्वालामुखी नाही, त्याची काळजी सोडा. सातपुड्याच्या पायथ्याशी तापी खोऱ्याच्या कडेने मोठे भ्रंश आहेत. पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल जातं, खोलीमुळे तापतं आणि भेगेतूनच वर येतं. पण ते पाणी वर येतं तेव्हा युगावारालाइटला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपासही नसतं. म्हणून तिथे आपलं ह्यूलँडाइटचं गोत्र शोधायला हरकत नाही, युगावारालाइटची आशा मी धरणार नाही.

मुंबईच्या बाजूला गोष्ट वेगळी होती. तिथे लाव्हा काही ठिकाणी उथळ पाण्यात उतरला, झटकन थंड होऊन काचेसारखा फुटला. अशी काच गरम पाण्यात लवकर विरघळते आणि सिलिका भरपूर सोडते. आपल्याकडे लाव्हा कोरड्या जमिनीवर पसरला, थरांमधली तांबड्या मातीची पट्टी ही त्याची खूण.

नंदुरबारचा_शेतकरी

हाऊ झिओलाइट वावरमा टाकतस ना? दुकानदार म्हणतो खत वाचतं. मग खदाणीतला दळून टाकला तर?

फैजपूर_रसायन

भाऊ, शेतीला विकतात तो बहुतेक क्लिनोप्टिलोलाइट, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून खणलेला. तो अमोनियम आणि पोटॅश धरून ठेवतो, हे खरं. पण खदाणीतले स्फटिक दळू नका, विशेषतः सुयांसारखे. तुर्कस्तानात एरिओनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटच्या धुळीने गावंच्या गावं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने ग्रासली होती. प्रत्येक सुईदार झिओलाइट तसा नसतो, पण घरी ओळख पटवून दळणं हा धोका कशाला घ्यायचा?

क्रशरवाला_पारोळा

दादा, मुंबईच्या व्यापाऱ्याला दाखवून घ्या. चकत्या ॲसिडने उजळून दिल्या तर भाव चांगला येईल.

रावेरची_केळीबाग

भाऊ, सल्ल्याबद्दल आभार. विकणार नाही, आणि उजळणारही नाही. मामांनी जसा ठेवला तसाच राहील.

भुकटी सापडली. वर्तमानपत्राच्या घडीत जवळपास एक चमचा निघाली. पुडीत भरली आहे. आता पुढे काय करू?

दगडवेडी

छान! आता हे तपासायला क्ष-किरण विवर्तनाची चाचणी हवी. खनिजाची पूड क्ष-किरणांपुढे धरतात. आतल्या अणूंच्या थरांमधली अंतरं प्रत्येक खनिजाची स्वतःची असतात, बोटाच्या ठशासारखी. चकत्यांपैकी मागच्या बाजूची एखादी तुटकी कड असेल तर तेवढीच लागेल, समोरचे स्फटिक शाबूत राहतील. माझे एक माजी विद्यार्थी विद्यापीठात आहेत, त्यांच्याशी बोलते. गुलाबी दगडाचा सुटलेला पापुद्राही द्या.

आणि एक विनंती, तिन्ही नमुने वेगळ्या पुड्यांत, प्रत्येकावर नंबर. चिठ्ठी एकदा सुटली की काय होतं, ते आपण बघतोच आहोत.

अमळनेरकर

मी आधी 'दुसराही ह्यूलँडाइटच' असं लिहिलं होतं. ताईंचं वाचून मत मागे घेतो. चमक आणि खालचा थर मी पाहिलाच नव्हता.

भुसावळ_यार्ड

ताई, वाट बघताना एक विचारू? या खनिजाला नाव कसं पडलं? मला वाटलं होतं कोणा 'युग' नावाच्या शास्त्रज्ञावरून.

दगडवेडी

गावावरून. जपानच्या कानागावा प्रांतात युगावारा म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथे ते सापडलं आणि १९५२ साली साकुराई आणि हायाशी यांनी त्याचं वर्णन केलं.

साकुराई किनइची यांच्याबद्दल मी वर्गात नेहमी सांगायचे. ते पेशाने प्राध्यापक नव्हते. टोकियोत त्यांच्या घरची खानावळ होती, ती ते चालवत, आणि उरलेला सगळा जीव खनिजांत. पुढे एका खनिजाला त्यांच्या नावावरून साकुराईआइट हे नाव मिळालं. 'झिओलाइट' हा शब्द मात्र खूप जुना, १७५६ सालचा. स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी फुंकनळीच्या ज्योतीत असा दगड धरला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड' म्हणून झिओलाइट. ती वाफ म्हणजे वाटांतलं पाणी.

रावेरची_केळीबाग

मंडळी, महिनाभरानंतर लिहितोय. निकाल आला.

गुलाबी दगड: ह्यूलँडाइट. म्हणजे सावद्याचा असण्याची शक्यता जास्त.
हिरवा थर: प्रेह्नाइट.
चकत्या: युगावारालाइट.
भुकटी: लॉमोन्टाइट, पाणी गेलेला.

दगडवेडी ताई, निकाल वाचताना हात थरथरत होते. चिठ्ठी चकत्यांचीच. 'पोकळीत उभे होते' असं मामांनी लिहिलं होतं, आणि चकत्या खरंच कडेवर उभ्या आहेत. तेवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फैजपूर_रसायन

वा! प्रेह्नाइट, लॉमोन्टाइट आणि युगावारालाइट, तिघेही एकाच गरम पाण्याचे. दादा, मन भरून आलं वाचून.

दगडवेडी

अभिनंदन, दादा. आता लगेच नवी चिठ्ठी करा. खनिजाचं नाव, ठिकाण, टप्पा, अंदाजे साल, गोळा करणाऱ्याचं नाव. शाईने लिहा, जुनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सोबतच ठेवा. ती खाण बंद झाली, तिथून आता नवा नमुना येणार नाही. 'खालच्या टप्प्यावर' हे तीन शब्द... नाही, दोनच, पण एखाद्या अभ्यासकाला ते उपयोगी पडतील.

रावेरची_केळीबाग

ताई, चिठ्ठी आज लिहिली. गोळा करणारा म्हणून मामांचं पूर्ण नाव घातलं.

लिहिताना मामी शेजारी बसल्या होत्या. लॉमोन्टाइट म्हणजे पाणी गेलं की भुगा होणारा दगड, हे त्यांना समजावून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मामांच्या उशाशी लोणच्याची एक काचेची बरणी असायची, तिच्यात पांढरा दगड आणि वरपर्यंत पाणी. आठवड्याला पाणी बदलायचे. मामींनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "याला पाणी लागतं, नाहीतर जातो हा." ते गेल्यावर बरणी कोनाड्यात राहिली, पाणी आटलं. दगड तडकायला लागला, तेव्हा मामींनीच तो कापसात गुंडाळून डब्यात ठेवला.

मी उरलेली भुकटी त्याच बरणीत भरली आहे आणि बरणी डब्याशेजारी ठेवली आहे. बरणीवरची चिठ्ठी मामी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.